कोनशिलेवर सगळे आहेत, जागाच नाही

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला आहे. विटांच्या छोट्या भिंतीत बसवलेली, सोनेरी अक्षरांची. मागच्या महिन्यात मी उभा राहून ती पूर्ण वाचली. वर 'शुभहस्ते', त्याखाली एक नाव. मग 'अध्यक्षस्थानी', एक नाव. 'प्रमुख उपस्थिती'त चार, 'विशेष उपस्थिती'त पाच. निधी ज्यांच्या प्रयत्नातून आला त्यांचं एक. तळाशी अभियंता आणि कंत्राटदार. अशी चौदा नावं भरली. काम काय झालं, तर 'सदर गल्लीचे सिमेंटीकरण'. ज्या गल्लीचं काम झालं तिचं नाव मात्र कुठंच नाही. तीन पिढ्या त्या गल्लीची टपालं एकाच नावाने येत आहेत. ते नाव या शिळेवर चौदांच्या जोडीला पंधरावं म्हणूनही लिहावंसं कोणाला वाटलं नाही.

त्याच गल्लीत, शंभरेक पावलांवर, एक बुजवलेली विहीर आहे. तिच्या कठड्याच्या दगडावर देवनागरीत चार ओळी कोरलेल्या होत्या. विहीर कोणी बांधली, कोणाच्या स्मरणार्थ, कोणत्या शकात, असं काहीतरी. सिमेंटचा रस्ता झाला आणि जमीन हातभर वर आली. आता वरच्या दोनच ओळी दिसतात, शक खाली गेला. चौदा नावांची शिळा उभी राहिली त्याच कामात ही चार ओळींची शिळा अर्धी गाडली गेली. मला जे म्हणायचं आहे ते सगळं या शंभर पावलांत आहे. शहरातल्या पाट्यांवर आणि शिळांवर पहिला हक्क त्या जागेचा असला पाहिजे. इथं काय होतं, काय घडलं, लोक याला काय म्हणत आले, हे आधी लिहावं. उद्घाटकांची नावं उरलेल्या जागेत मावली तर मावतील.

रविवारी सकाळी मी झिरो माईलपासून महालापर्यंत पायी जातो. अंतर तीन-साडेतीन किलोमीटरचं, पण पाट्या वाचत गेलं की दोन तास सहज जातात. रोज गाडीवरून जाणाऱ्या माणसाला हा रस्ता म्हणजे चार-पाच सिग्नल. पायी चालणाऱ्याला तो तीनशे वर्षांचा आहे. तो वाचता यावा अशी सोय मात्र आपण जवळजवळ कुठंच केलेली नाही.

सुरुवातीचाच दगड घ्या. झिरो माईलचा खांब आणि चार घोडे प्रत्येक नागपूरकराच्या फोटोत असतात. पाहुणा आला की आपण सांगतो, हा देशाचा मध्यबिंदू. दगड स्वतः ते म्हणत नाही. तो ब्रिटिश काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, १९०७ सालचा, उंची मोजण्यासाठीचा खूणदगड आहे. तिथल्या षटकोनी दगडावर गावांची नावं आणि मैल कोरलेले आहेत. हैदराबाद ३१८, चांदा १२५, जबलपूर १७०, शिवनी ७९, छिंदवाडा ८३, बैतूल १०१. ही यादी दोनदा वाचा. त्यात मुंबई नाही. पुणे नाही. दगड बसवला तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं आणि या शहराचं तोंड उत्तरेला आणि पूर्वेला होतं. १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशाची राजधानी होतो, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. इथल्या बाजारात हिंदी इतकी सहज का, राजधानीपण गेल्याची सल घराघरांत का आणि हिवाळ्यात विधिमंडळ इथं का भरतं, या सगळ्याची उत्तरं त्या सहा बाजूंच्या दगडावर आहेत. शाळेच्या सहली तिथं येतात, घोड्यांसमोर ओळीने उभ्या राहतात, फोटो काढून जातात. दगडाचं वाचन करून दाखवणारी चार सोप्या मराठी वाक्यांची पाटी असती तर त्या मुलांच्या पदरात एक अख्खं प्रकरण पडलं असतं.

आणि चांदा. आज ते चंद्रपूर आहे. दगडावर चांदाच राहिलं, त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. जुनं नाव वाचता आलं म्हणून नवं नाव लहान होत नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून इथंच नोंदवून ठेवतो.

झिरो माईलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर गोवारी समाजाचा मोर्चा अडवला गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी माणसं गेली. त्यांत बाया आणि लेकरं जास्त होती. अनुसूचित जमातीच्या यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं आहे, गोंड आणि गोवारी वेगळे मोजा, एवढी त्यांची मागणी होती. दोन शब्दांमधल्या एका स्वल्पविरामाची, असं आंदोलनातली माणसं म्हणत आली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव दिलेलं आहे, ते योग्यच झालं. पण पुलावरून रोज हजारो गाड्या जातात आणि बोलताना सगळे म्हणतात, बर्डीचा पूल. नाव आहे, पण नावामागचा दिवस तिथं नाही. पुलाच्या पायथ्याशी, पायी जाणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, तारीख, आकडा आणि मागणी लिहिली तर तीन ओळी पुरतात. वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांना विचारून बघा. टी-पॉइंटवर त्यांची बस थांबते, कॉलेज तिथलंच असतं, आणि त्यांना हे ठाऊक नसतं. दोष मी पोरांना देणार नाही.

मॉरिस कॉलेजला आज वसंतराव नाईकांचं नाव आहे. टी-पॉइंट अजून मॉरिसचाच. पुढे व्हरायटी चौक आहे, एका टॉकीजवरून पडलेलं नाव, टॉकीज गेली तरी टिकलेलं. 'बर्डी' हे दोन अक्षरी नाव कोणत्याही सरकारी पाटीवर नाही, पण रिक्षात बसून 'सीताबर्डी' असं पूर्ण म्हणणारा माणूस बाहेरचाच समजावा. ज्या टेकडीवर किल्ला आहे तिथं २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रज लढले आणि भोसल्यांचं राज्य त्या दोन दिवसांत खऱ्या अर्थाने हातचं गेलं. त्याच टेकडीच्या पायथ्याशी आपण रविवारी कपडे घेतो.

लोहापुलाखालून पलीकडे गेलं की शहर बदलतं. इथं एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं, म्हणून ते नाव. गिरणी गेली, जमिनीवर मॉल आला, आणि मॉलने नाव कोणाचं ठेवलं, तर सम्राज्ञीचंच. ज्यांच्या भोंग्यावर अर्धं नागपूर उठत होतं त्या कामगारांचं तिथं काय राहिलं? सूतकताईच्या खात्यात दलित कामगार मोठ्या संख्येने होते. विणकामाच्या खात्यात त्यांना घेत नसत, कारण तिथं तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना विटाळ चाले ना. याच गिरणी वस्त्यांमधून नागपूरची आंबेडकरी चळवळ उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना या शहरातल्या मोहन पार्कवर झाली, महिलांची परिषदही तेव्हाच भरली. मॉलच्या सगळ्या बाजूंनी फिरून मी हे शोधलं. सरकत्या जिन्यांच्या, पार्किंगच्या दरांच्या पाट्या मिळाल्या. विटाळाच्या धाग्याबद्दल एक ओळ मिळाली नाही. जागा खासगी मालकीची झाली म्हणून तिथल्या सव्वाशे वर्षांच्या घामाचीही मालकी बदलते का? नकाशा मंजूर करताना वाहनतळाची अट घालता येते, झाडांची घालता येते. एका वाचनीय पाटीची अट का घालता येऊ नये?

मग तळं. पाटीवर गांधीसागर. सकाळी तिथल्या बाकावर एक काकाजी बसलेले असतात, ऐंशीच्या घरातले. मी विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? म्हणाले, "भाऊ, आमी पव्हाले शिकलो जुम्मा तलावात. गांधीसागर तं मंग झाला." त्यांच्याच शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, आमच्या माहेरी शुक्रवारी तलाव म्हणत. जुम्मा म्हणजे शुक्रवार. एकाच वाराची दोन बोलींतली दोन नावं, एकाच पाण्याला, एकाच गावात, भांडण न होता पिढ्यानपिढ्या चालत आली. आणि या नावांनी एक गोष्ट जपून ठेवली आहे: हे वारांचं गाव आहे. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. जिथं ज्या वारी बाजार भरे तिथं तो वार चिकटून राहिला. ही नावं म्हणजे नागपूरचं जुनं वेळापत्रकच.

तळ्याकडून पुढे गांधी गेट. तो जुना जुम्मा दरवाजा, गावाच्या कोटाचा. देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी नागनदीच्या काठची बारा खेडी एकत्र करून हे गाव वसवलं असं सांगतात. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलतानाने इथं राजधानी आणली, कोट आणि तळं त्याच्या काळचं. पुढे १७४३ मध्ये रघूजी भोसल्यांनी गादी घेतली. म्हणजे दरवाजाला वाराचं नाव, त्याच्यावर गांधींचं नाव, समोर शिवाजी महाराजांचा पुतळा, आणि ज्यांनी गाव वसवलं त्या गोंडांचा त्या चौकात उल्लेख नाही. मला आजवर या शहरातल्या चौकात गोंडी भाषेतली एकही पाटी दिसलेली नाही. ज्या शहराचं शहरपणच गोंडांचं देणं आहे, तिथं हे बोचलं पाहिजे.

गांधींचं नाव द्यायला नको होतं असं मी म्हणत नाही. स्वातंत्र्याच्या उत्साहात माणसांनी प्रेमाने ते नाव दिलं, तो सुद्धा इतिहासच आहे. नागपूरने १९२३ चा झेंडा सत्याग्रह केला होता, सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगा घेऊन जायला बंदी होती आणि माणसं रोज जथ्याने अटक होत होती. अशा गावाला गांधींचं नाव वेशीवर लावावंसं वाटणारच. माझं मागणं एवढंच आहे की नवं नाव लिहिताना खाली बारीक अक्षरात जुनं लिहा, आणि बदल कोणत्या साली झाला ते लिहा. चांद्याने चंद्रपूरचं काही बिघडवलं नाही, जुम्मा दरवाजाही गांधींचं काही बिघडवणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात असाच अर्ज घेऊन गेलो होतो. एका चौकाच्या पाटीवर जुनं नाव कंसात घ्यावं, एवढा एक परिच्छेद. टेबलावरचा माणूस भला होता, त्याने चहा सांगितला, अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "नाव बदलाचं आहे का?" म्हटलं, नाही, जुनं जोडायचं आहे. "मग याले हेड नाही साहेब. नामकरणाचा प्रस्ताव आना, सभेपुढं ठेवतो." चार चकरा झाल्या. प्रत्येक वेळी तेच: नवीन नावासाठी ठराव आहे, खर्चाचं हेड आहे, कार्यक्रम आहे, शिळा आहे. असलेल्या नावाची आठवण ठेवण्यासाठी कागदावर रकानाच नाही. चूक त्या माणसाची नव्हती. आपण सगळ्यांनी मिळून अशी पद्धत चालू दिली की नाव देणं हा समारंभ झाला आणि नाव जपणं हे कोणाचंच काम राहिलं नाही.

पाट्यांवरून महाराष्ट्रात भांडणं कमी नाहीत. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, दुकानाची पाटी मराठीत आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मी या नियमाच्या बाजूचा आहे. पण पाटी कोणत्या लिपीत आहे यावर जेवढा घसा आपण कोरडा केला, तेवढा ती काय सांगते यावर कधी केला नाही.

एक अवघड मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. जुनी नावं जपा म्हटलं की जातीची नावंही जपायची का? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. तो मला मनापासून पटतो. पत्ता सांगताना ज्याची मान खाली जाते त्याला 'इतिहास आहे, राहू दे' असं सांगण्याचा अधिकार दुसऱ्या वस्तीत राहणाऱ्या कोणालाही नाही. तिथं राहणाऱ्यांनी ठरवावं, आणि त्यांनी बदल म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पाटी उतरवावी. पण कारागिरीची नावं त्याच झाडूने झाडू नका. चितार ओळीत आजही गणपती घडतात, त्या नावात कोणाचा अपमान नाही, हाताची कला आहे. एकेका नावाला थांबून, तिथल्या माणसांना विचारून निर्णय घ्यावा लागेल. वेळ लागेल. लागू द्या.

दुसरा आक्षेप असा येतो की रस्त्यावर खड्डे असताना, नळाला पाणी नसताना इतिहासाच्या पाट्या कसल्या लावता. त्याचं उत्तर मला नागनदीने दिलं. जिच्यावरून शहराला नाव पडलं तिला आपण दोन-तीन पिढ्या 'नाला' म्हणत आलो. नाला म्हटलं की मनातून भीती जाते. नाल्यावर स्लॅब टाकता येतो, काठाला भिंत घालता येते, त्याच्या पात्रात प्लॉट दिसायला लागतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत धो धो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदी घरांत शिरली. माणसं गेली, तळमजल्यावरचे संसार चिखलात गेले. त्या दिवशी पाणी कुठवर चढलं याची रेघ मी नंतर काठाकाठाने शोधत फिरलो. काही घरांच्या भिंतींवर चिखलाचा पट्टा होता. दिवाळीला रंग दिला, पट्टा गेला. दहा वर्षांनी तिथं घर घेणाऱ्याला कोण सांगणार आहे की पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं? प्रत्येक पुलावर, काठच्या प्रत्येक चौकात त्या पहाटेच्या पाण्याची रेघ आणि तारीख कोरली असती तर ती रेघ भाडेकरूने वाचली असती, बँकेच्या मूल्यांकनवाल्याने वाचली असती, नकाशा मंजूर करणाऱ्याला दिसली असती. ही सुद्धा इतिहासाचीच पाटी, आणि ती जीव वाचवते.

लोक वाचत नाहीत हो, असंही ऐकतो. त्यांनी दीक्षाभूमीवर यावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथं धम्म स्वीकारला आणि लाखोंना दिला. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा तिथं दगडावर कोरलेल्या आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाहेरगावचे लोक त्या दगडापुढे उभे राहतात. मी एका आजीला पाहिलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. नातू एकेक ओळ बोट ठेवून वाचत होता आणि ती मागून म्हणत होती. पाच-सात मिनिटं चाललं. रांग थांबून राहिली, मागच्या कोणी घाई केली नाही. पाटीत वाचण्यासारखं असलं की माणसं अशी वाचतात.

म्हणून नवीन कोनशिला बसवायची असेल तर तिच्यावर वरच्या अर्ध्या भागात जागेचं नाव, आधीची नावं आणि दोन ओळींत गोष्ट. भाषा साधी मराठी, सोबत हिंदी, आणि गोंडांच्या खुणा जिथं आहेत तिथं गोंडी. रस्ता वर उचलायचा असेल तर त्याआधी कडेचे जुने दगड वर काढून ठेवायचे, हे निविदेत लिहायचं. मजकूर तपासायला शहरात इतिहासाचे प्राध्यापक आहेत, आणि गांधीसागरच्या बाकावर काकाजी आहेत. दोघांनाही विचारायचं. यात न परवडण्यासारखं काय आहे? ग्रॅनाइट आपण विकत घेतच आहोत.

गांधी गेटच्या आत एक जुनं दुकान आहे. त्याच्या कपाळावर परवापर्यंत हाताने रंगवलेली पत्र्याची पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात पाच आकडी टेलिफोन नंबर आणि तळाशी पत्ता: 'जुम्मा दरवाजाच्या आत, महाल'. या रस्त्यावर ते नाव लिहिलेलं मला दिसलेली ती एकमेव जागा. मालकांना मी दोनदा म्हटलं होतं की ही पाटी उतरवू नका. तेही हसून म्हणायचे, आजोबांनी रंगवून घेतलेली आहे, कशाला उतरवू. मागच्या रविवारी गेलो तर तिथं नवी, आतून दिवे लागणारी पाटी होती. अक्षर मराठीत, ठळक, नियमाप्रमाणे. पत्त्याच्या जागी मोबाईल नंबर. जुना पत्रा कुठं गेला म्हणून विचारलं तर त्यांनी समोर बोट केलं. फुटाणेवाल्याने तो गाडीवर छप्पर म्हणून ठोकला होता, रंगाची बाजू आत. दहा रुपयांचे फुटाणे घेतले आणि मान वर करून उभा राहिलो. अक्षरं उलटी होती, पण 'जुम्मा दरवाजाच्या आत' एवढं नीट लागत होतं.